आकड्यांमागचे वय पाहा: ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या निवडकर्त्यांस खुले पत्र

प्रति,
ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे प्रतिभा-विकास अधिकारी आणि अठरा क्लबांचे निवडप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपण देशभरातील निवडक तरुणांना कम्बाइनसाठी, म्हणजे एकत्रित चाचण्यांसाठी, बोलावता. त्यांची उंची आणि वजन घेता, वीस मीटरच्या धावेची वेळ टिपता, जागच्या जागी आणि धावत येऊन मारलेली उडी मोजता, खांबांमधून वळणे घेत पळायला लावता, दोन किलोमीटरची दौड घेता आणि मग एकेका क्लबाच्या माणसांसमोर बसवून प्रश्न विचारता. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय ड्राफ्ट होतो, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. त्यात साधारण साठ ते सत्तर नावे पुकारली जातात आणि बाकीची मुले दूरचित्रवाणीसमोरून उठून आपापल्या खोलीत निघून जातात. या प्रक्रियेविषयी माझे म्हणणे एकच आहे आणि ते आरंभीच सांगतो: आपण जे मोजता त्यात मुलाचे वय आणि त्याच्या शरीराच्या वाढीचा टप्पा मिसळलेला असतो, तो वेगळा काढून पाहिल्याशिवाय त्या आकड्यांवरून कोणाच्याही गुणवत्तेचा निवाडा करणे योग्य नाही.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, शाळेत शिकवतो आणि एका कनिष्ठ क्लबात स्वयंसेवक म्हणून काम करतो. हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण असे की टारनीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या उपनगरांत आता मराठी कुटुंबेही राहतात, त्यांची मुले ऑसकिकच्या, म्हणजे लहान मुलांच्या फुटबॉल-शिकवणीच्या, वयापासून हातात लंबगोल चेंडू घेऊन वाढत आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना क्रिकेटची निवड कशी होते याची पुरेपूर कल्पना असली तरी या खेळातली निवड कशी होते हे सांगणारे कोणी नाही. पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. आपणास पाठ असलेल्या काही गोष्टी इथे उलगडून लिहिल्या आहेत, त्या या वाचकांसाठी.

प्रथम वयाचे पाहू. ज्या वर्षी ड्राफ्ट असेल त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलगा अठरा वर्षांचा झालेला असावा, असा आपला नियम आहे. नियम सरळ आहे, पण त्यामुळे एकाच रांगेत उभ्या राहिलेल्या दोन मुलांच्या वयांत जवळजवळ एका वर्षाचे अंतर असू शकते. निक डेकॉसचा जन्म ३ जानेवारी २००३ चा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कॉलिंगवूडने त्याला घेतले तेव्हा तो एकोणिसाच्या उंबरठ्यावर होता. मार्कस बोन्टेम्पेलीचा जन्म २४ नोव्हेंबर १९९५ चा. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी वेस्टर्न बुलडॉग्जने चौथ्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले तेव्हा त्याला अठरावे वर्ष पूर्ण व्हायला अजून तीन दिवस बाकी होते. दोघेही पुढे लीगचे अव्वल खेळाडू झाले, दोघांच्याही बाबतीत निवडकर्त्यांची नजर अचूक ठरली, आणि म्हणूनच ही दोन नावे घेतली. पण त्यांच्या अठराव्या वर्षातल्या धावेच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या तर त्या दोन वेगवेगळ्या वयांच्या वेळा असतील, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते. पंचविसाव्या वर्षी दहा-अकरा महिन्यांना काही अर्थ उरत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी मात्र तेवढ्या काळात मुलाच्या अंगावर कित्येक किलो स्नायू चढतात.

आणि जन्मतारीख हा या गोष्टीचा फक्त वरवरचा भाग आहे. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढण्याचे वय सरासरीने तेरा-चौदाच्या आसपास असले तरी पूर्णपणे निरोगी मुलांत ते कोणाच्या बाबतीत बाराव्या वर्षी येते, कोणाच्या बाबतीत सोळाव्या. एकाच अढीत घातलेले आंबेसुद्धा एकाच दिवशी पिकत नाहीत, मग मुलांकडून ती अपेक्षा कशी करावी? ज्याचे शरीर लवकर भरले तो चौदा-पंधरा वर्षांखालील प्रादेशिक संघात घेतला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक, व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ आणि मोठ्या सामन्यांचा सराव मिळतो, त्याच्या नावाची चर्चा सुरू होते आणि अठराव्या वर्षी तो आपल्यासमोर येतो तेव्हा तो खरोखरच अधिक चांगला खेळाडू झालेला असतो. त्याच्याच शाळेतला, उशिरा वाढलेला मुलगा त्या तीन-चार वर्षांत स्थानिक मैदानावरच राहिलेला असतो. सुरुवातीला जो फरक केवळ वाढीचा होता तो अशा रीतीने हळूहळू कौशल्याचा फरक बनतो आणि मग कोणालाही त्याचे मूळ आठवत नाही. कॅनडातील आईस हॉकीत हा जन्ममहिन्याचा परिणाम १९८० च्या दशकातच नोंदला गेला. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकी लीगच्या ड्राफ्टवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे दिसले की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंना त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने बरेच खालचे क्रमांक मिळाले होते. याचा अर्थ असा की लहान मुलाला कमी लेखणे हा अन्याय तर आहेच, शिवाय तो क्लबाच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहारही आहे.

व्हिक्टोरियात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि त्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले मी पाहिलेले नाही. आपल्या खेळाचे वर्ष १ जानेवारीला सुरू होते, पण इथल्या शाळाप्रवेशाची सीमा ३० एप्रिल ही आहे. २००७ च्या फेब्रुवारीत जन्मलेला मुलगा वेळेवर शाळेत गेला असेल तर त्याची बारावी २०२४ मध्ये संपली आणि २०२५ हे ड्राफ्टचे वर्ष त्याला पूर्ण मोकळे मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेल्या मुलाची बारावी मात्र २०२५ मध्येच आली. म्हणजे वयाने मोठा असलेला मुलगा दिवसभर सराव, विश्रांती आणि झोप यांचे वेळापत्रक पाळत असताना वयाने धाकटा असलेला मुलगा ऑक्टोबरच्या सुरुवातीला कम्बाइन देतो, महिनाअखेरीस व्हीसीईच्या, म्हणजे बारावीच्या, लेखी परीक्षेला बसतो आणि परीक्षा संपते न संपते तोच ड्राफ्टच्या रात्रीला सामोरा जातो. अनेक पालक मुलाला शाळेत एक वर्ष उशिरा घालतात, त्यामुळे हे प्रत्येकाला लागू पडत नाही, हे मान्य. परंतु ज्याला लागू पडते त्याच्या दोन किलोमीटरच्या वेळेत रात्रीचे जागरणही मोजले जाते. आमच्या समाजात बारावीचे महत्त्व काय असते ते मराठी वाचकांना सांगायला नको. ज्या घरात त्या वर्षी दूरचित्रवाणीसुद्धा बंद ठेवली जाते, त्या घरातला मुलगा खेळ आणि अभ्यास यांपैकी एक निवडायची वेळ आली की बहुधा खेळ सोडतो. हा त्याच्या जिद्दीचा अभाव समजला जाऊ नये.

आता चाचण्यांकडे वळतो. वीस मीटरची धाव सरळ रेषेत, हातात चेंडू नसताना आणि अंगावर कोणी येत नसताना घेतली जाते. प्रत्यक्ष खेळात अठरा विरुद्ध अठरा खेळाडू असतात, ऑफसाइडचा नियम नसल्यामुळे प्रतिस्पर्धी पाठीमागूनही येतो आणि बाजूनेही, आणि लंबगोल चेंडू जमिनीवर आपटल्यावर कुठे उसळेल याचा भरवसा नसतो. अशा गर्दीत चेंडू हाती येण्यापूर्वीच तो कुठे द्यायचा हे ज्याला दिसते, तो वीस मीटरमध्ये दोन दशांश सेकंद हळू असला तरी खेळात लवकर पोहोचतो. ही दृष्टी कोणत्याही खांबांमधल्या पळण्यात दिसत नाही. ती पाहायला संपूर्ण सामना पाहावा लागतो, आणि तोही चेंडूच्या मागे नव्हे, तर त्या मुलाच्या मागे नजर ठेवून.

आपल्याच नोंदवह्यांत याची साक्ष आहे. सॅम मिचेलला २००० च्या ड्राफ्टमध्ये कोणीही घेतले नाही. बुटका आणि संथ, असे त्याच्याविषयी म्हटले जाई. पुढच्या वर्षी हॉथॉर्नने त्याला छत्तिसाव्या क्रमांकावर घेतले. २००८ मध्ये कर्णधार म्हणून त्याने क्लबाला विजेतेपद मिळवून दिले, पुढे आणखी तीन विजेतेपदांत त्याचा वाटा होता, २०१२ च्या ब्राउनलो पदकावरही (हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा लीगचा मान) शेवटी त्याचे नाव लागले आणि आज तो त्याच क्लबाचा प्रशिक्षक आहे. मॅट प्रिडिस वेगात कमी म्हणून राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये मागे पडत राहिला, वेस्ट कोस्टने त्याला रूकी यादीत, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या नवोदितांत, घेतले, २००६ मध्ये त्याने पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीगचे सँडोव्हर पदक जिंकले आणि २०१४ मध्ये ब्राउनलो. लॅची नील २०११ मध्ये अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर गेला. २०२० आणि २०२३ अशी दोन ब्राउनलो पदके त्याच्याकडे आहेत. पुढे ब्राउनलो जिंकलेल्या जेम्स हर्डचा क्रमांक १९९० मध्ये एकोणऐंशी होता.

या सर्वांत केलेब डॅनियलचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०१४ च्या अठरा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडूचे लार्क पदक त्याला मिळाले. म्हणजे देशातील सगळे समवयस्क एकाच मैदानावर आले असताना, आपल्याच निवडकर्त्यांच्या डोळ्यांसमोर, तो सर्वांत चांगला खेळला होता. तरीही त्याच्याआधी पंचेचाळीस निवडी झाल्या, कारण त्याची उंची १६८ सेंटिमीटर होती. दोनच वर्षांनी बुलडॉग्जच्या विजेत्या संघात तो होता आणि २०२० मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, त्याची निवड झाली. मैदानावर दिसलेली गोष्ट आणि फुटपट्टीवर दिसलेली गोष्ट यांत विसंगती असेल तर कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न त्या रात्री अठरा क्लबांपुढे होता. फुटपट्टी हातात घेऊन पाहिलेले जास्त खरे वाटते, कारण ते लिहून दाखवता येते आणि निर्णय चुकला तर त्याचे समर्थनही करता येते. हा मोह मी समजू शकतो, पण मान्य करू शकत नाही.

उंच मुलांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. २११ सेंटिमीटर उंचीचा ॲरन सँडिलँड्स आणि वेस्ट कोस्टचा डीन कॉक्स हे दोघे आपल्या काळातले श्रेष्ठ रकमन (वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेऊन झुंजणारे उंच खेळाडू), आणि दोघेही रूकी ड्राफ्टमधून आलेले. एवढे मोठे शरीर सावरायला, त्याला बळ यायला आणि त्याने दुसऱ्या तेवढ्याच मोठ्या शरीराशी हवेत झुंजायला वेळ लागतो. अठराव्या वर्षी असा मुलगा आपल्याच पायांत अडखळतो. वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी तो कसा असेल, हे त्याच्या आजच्या चपळाईच्या वेळेवरून सांगता येत नाही.

आपले काम सोपे आहे असे मला सुचवायचे नाही. बेंडिगो, मरे, गिप्सलँडपासून पर्थ आणि डार्विनपर्यंत आपली माणसे हिवाळ्यातल्या शनिवारी मैदानाच्या कडेला उभी असतात आणि त्यांचे अंदाज पुष्कळदा खरेही ठरतात. २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या मॅट रोवेलने २०२५ चे ब्राउनलो जिंकले. लवकर वाढलेला मुलगा खोटा ठरतो, असे कोणीच म्हणू नये. माझा आक्षेप त्या मुलांविषयी आहे ज्यांच्यापर्यंत आपली नजर पोहोचेपर्यंत त्यांनी खेळ सोडलेला असतो.

मुलाखतींविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला एकामागून एक क्लबांसमोर बसवले जाते, त्याच्या घराविषयी, मैत्रीविषयी, अपयशाविषयी विचारले जाते आणि त्याच्या उत्तरांवरून त्याच्या स्वभावाचा अंदाज बांधला जातो. माझ्या ओळखीच्या मराठी घरांत मुलांना लहानपणापासून शिकवले जाते की मोठ्यांसमोर कमी बोलावे, स्वतःची बढाई मारू नये, विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. अशा मुलाला ‘तू इतरांपेक्षा चांगला का आहेस?’ असे विचारले तर तो खाली पाहील आणि संघाचे नाव घेईल. अनेक मूलनिवासी समाजांत मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा न भिडवणे हे आदराचे लक्षण मानले जाते. या दोन्ही मुलांच्या कागदावर ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा पडण्याचा धोका खरा आहे. २०१२ मध्ये मूलनिवासी मुलांच्या घरांविषयी केलेल्या विधानावरून एका क्लबाच्या निवडप्रमुखाला पद सोडावे लागले होते. त्या घटनेनंतर बोलण्यात सावधपणा आला असेल, पण लीगमधील मूलनिवासी खेळाडूंची संख्या अलीकडच्या वर्षांत घटत गेली आहे, आणि कोणत्या मुलाला ‘जोखीम’ म्हटले जाते हे तपासल्याशिवाय त्या घटीचे कारण केवळ खालच्या वयोगटांत शोधणे अपुरे आहे. मुलाखत कोणी घेतली, काय विचारले आणि त्यावरून काय निष्कर्ष काढला, याची लेखी नोंद असावी आणि ती त्या मुलाला मागता यावी.

उशिरा उमलणाऱ्यांना वाट दिली तर काय होते, तेही आपणच दाखवून दिले आहे. २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यावरचा ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला आणि त्याच वर्षी रिचमंडने त्यातून मार्लियन पिकेटला घेतले. तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याने पदार्पण केले तेच थेट अंतिम सामन्यात, आणि १९५२ नंतर असे पदार्पण करणारा तो पहिला खेळाडू ठरला, संघ जिंकलाही. राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये नाव न आलेला जय न्यूकम २०२१ च्या अशाच मध्य-हंगामी ड्राफ्टमधून हॉथॉर्नकडे गेला आणि त्यांच्या मिडफिल्डचा आधार झाला. टॉम स्ट्युअर्टला जिलाँगने २०१६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, चाळिसाव्या क्रमांकावर घेतले. स्थानिक लीगमध्ये खेळून आलेला हा बचावपटू पुढे पुनःपुन्हा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात गेला आणि २०२२ च्या विजेत्या संघात होता. हे तिघे अठराव्या वर्षी आपल्याला दिसले नव्हते, किंवा दिसूनही पटले नव्हते. स्थानिक मैदानांवर ते खेळत राहिले म्हणून सापडले. जे खेळत राहिले नाहीत त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत.

२०२० सालही या संदर्भात आठवावे. महासाथीमुळे व्हिक्टोरियातील अठरा वर्षांखालील लीगचा संपूर्ण हंगाम रद्द झाला आणि डिसेंबरमध्ये ड्राफ्ट मात्र झाला. व्हिक्टोरियाच्या मुलांविषयीचे निर्णय बहुतांशी त्यांच्या सोळाव्या-सतराव्या वर्षीच्या चित्रफितींवरून घ्यावे लागले. ज्यांची वाढ आधीच झाली होती त्यांच्या हाती दाखवायला काहीतरी होते. ज्यांचे वर्ष नेमके तेच होते त्यांच्याकडे रिकामे मैदान होते. त्याच सुमारास क्लबांच्या याद्याही लहान करण्यात आल्या. त्या वर्षीच्या मुलांना पुढची दोन-तीन वर्षे पुन्हा पाहण्याची काही खास व्यवस्था व्हायला हवी होती, असे मला आजही वाटते.

आता मागण्यांविषयी. पहिली आणि सर्वांत सोपी मागणी अशी की कम्बाइनच्या आणि राज्यपातळीवरील चाचण्यांच्या प्रत्येक निकालाशेजारी मुलाचे वय वर्षे आणि महिन्यांत छापले जावे, आणि वय जुळवून काढलेला निकालही क्लबांना दिला जावा. यासाठी नवे यंत्र लागत नाही, माणूस लागत नाही; जन्मतारीख आपल्याकडे आहेच. दुसरी मागणी वाढीच्या टप्प्याची. बसलेल्या अवस्थेतील उंची, उभी उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून मुलाची वाढ किती झाली आणि किती उरली याचा अंदाज करण्याच्या पद्धती गेली वीस-तीस वर्षे उपलब्ध आहेत. इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांच्या अकादम्या अशा अंदाजांनुसार मुलांचे गट पाडून सामने खेळवतात. अठराव्या वर्षी ही मोजणी करून फारसा उपयोग नाही. ती तेराव्या वर्षापासून, प्रादेशिक संघांच्या निवडीच्या वेळी सुरू व्हावी आणि मुलासोबत पुढे जावी, म्हणजे अठराव्या वर्षी आपल्यासमोर एका दिवसाचा आकडा येण्याऐवजी पाच वर्षांचा आलेख येईल. ज्या मुलाचा आलेख अजून चढतो आहे तो, आज खाली असला तरी, अधिक विचार करण्याजोगा आहे.

इथे मराठी पालकांच्या मनात एक शंका येईल, ती दूर करतो. भारतात क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाची क्ष-किरण चाचणी घेते, ती वयचोरी पकडण्यासाठी, आणि तिच्यामुळे खरे वय सांगणारी मुलेही कधी कधी अपात्र ठरल्याची खंत पालक बोलून दाखवतात. मी जे मागतो आहे त्यात क्ष-किरण नाहीत, संशय नाही आणि अपात्रता तर मुळीच नाही. ही माहिती मुलाला दार बंद करण्यासाठी कधीही वापरली जाऊ नये, ती कुटुंबाच्या संमतीनेच घेतली जावी आणि तिची प्रत घरी यावी, अशी अट लिखित स्वरूपात असावी. तरुणांच्या चाचण्यांतून त्वचेखालील चरबीची मोजणी आपण वगळली, तेव्हा त्या मोजणीने मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याचा विचार आपण केला होता. तोच विचार इथेही अपेक्षित आहे.

तिसरी मागणी ड्राफ्टच्या वयाची. ते एकोणीस करावे, असे या खेळातील जाणत्या माणसांनी वेळोवेळी म्हटले आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे. एका वर्षाने सर्व अंतर मिटणार नाही, पण बारावीची परीक्षा आणि ड्राफ्ट यांची गाठ तरी सुटेल, आणि मोठ्या माणसांविरुद्ध राज्य-लीगमध्ये खेळताना मुलगा कसा दिसतो हे पाहायला आपल्यालाही एक हंगाम मिळेल. अपवादात्मक मुलासाठी अपवाद ठेवता येईल. २०२८ मध्ये टास्मानियाचा एकोणिसावा संघ लीगमध्ये यायचा आहे, म्हणून हा निर्णय आता घेणे अधिकच गरजेचे आहे. २०११ आणि २०१२ मध्ये गोल्ड कोस्ट आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी हे संघ उभे राहिले, तेव्हा त्यांना सतरा वर्षांची मुले थेट करारबद्ध करण्याची मुभा दिली होती. घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर नेलेल्या त्या मुलांपैकी अनेक जण काही वर्षांत आपापल्या राज्यांत परतले. टास्मानियाचा संघ भक्कम व्हावा ही माझीही इच्छा आहे, पण त्यासाठी पुन्हा सतरा वर्षांच्या मुलांकडे वळू नये.

राहिले ते ज्यांचे नाव पुकारले जात नाही त्यांचे. कम्बाइनला बोलावलेल्या प्रत्येक मुलाला, निवड झाली नाही तर, डिसेंबर संपण्यापूर्वी एक लेखी पत्र मिळावे: त्याचे वय जुळवलेले निकाल, त्याच्या खेळातील कोणत्या गोष्टी पसंत पडल्या, कोणत्या कमी वाटल्या, आणि पुढच्या वर्षी त्याला कोण, कुठे पाहणार आहे. आज अनेक मुलांना यातले काहीच कळत नाही. मौन हेच उत्तर मानून ती खेळ सोडतात. शंभर-दीडशे पत्रे लिहिणे ही आपल्यासारख्या संस्थेला न पेलणारी गोष्ट नाही.

वय छापण्याची पहिली मागणी येत्या कम्बाइनपासूनच अमलात आणता येईल. बाकीच्या मागण्यांसाठी राज्य-संस्था, खेळाडूंची संघटना आणि शाळा यांच्याशी बोलावे लागेल, हे मी जाणतो. त्या चर्चेत स्थानिक क्लबांच्या प्रशिक्षकांना आणि पालकांनाही बोलवावे. या पत्राचे लेखी उत्तर मिळाल्यास त्याचा मराठी अनुवाद करून तो आमच्या भागातील कुटुंबांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मी घेतो.

कळावे,
आपला विश्वासू,
मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातील एक शिक्षक आणि कनिष्ठ फुटबॉलचा स्वयंसेवक